घरापुरती डंपिंग ट्रॉली विकत घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तासगावजवळ घर बांधताय, घरचा ट्रॅक्टर आहे, मग जॅकनं उचलून माल ओतणारी डंपिंग ट्रॉलीच विकत घेऊ का. नुसत्या बांधकामासाठी असेल तर नको.

हिशोब बघा. ३० बाय ४० च्या जोत्यात २ फूट भराव म्हणजे २४०० घनफूट; १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २४ ब्रास. धुमस करून, म्हणजे ठोकून, मुरूम दबतो, म्हणून ३० धरा. ट्रॉलीत साधारण ब्रासभर बसतो, म्हणजे ३० खेपा. गावातला खेपेचा भाडेदर विचारा, तिसानं गुणा आणि नव्या ट्रॉलीच्या कोटेशनशेजारी ठेवा. शिवाय मुरमाला गौण खनिजाचा परवाना लागतो, ट्रॉलीची आरटीओ नोंद वेगळी.

आमच्या भावकीत एकानं हौसेनं घेतली. भराव झाला, ट्रॉली चिंचेखाली गेली. दोन पावसाळ्यांत टायरला चिरा, जॅकच्या सीलमधून तेल ठिबकतंय, फाळक्यावर कोंबड्या. आता गिऱ्हाईक मिळेना.

हां, द्राक्षबाग असेल आणि दरसाल शेणखत ओढायचं असेल तर गोष्ट वेगळी. साधी ट्रॉली उपसायला चार गडी लागतात, ते डंपिंगनं वाचतात. तरी जुनीच बघा, आणि भरलेली उचलून दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.