‘ताई, मला प्रार्थनाच करता येत नाही’

समोर बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, मला प्रार्थनाच करता येत नाही.’ चाळिशीतली, लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली बाई. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रार्थनासभेत एकामागून एक सगळे प्रार्थना करतात, बायबलमधली वचनं त्यांच्या तोंडून ओघाने येतात. तिची पाळी आली की घसा कोरडा पडतो, शब्द सुचत नाहीत. ‘माझा विश्वासच खोटा आहे का?’

ही शंका घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यांना मी आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, अकरावा अध्याय उघडून देते. प्रभू येशू प्रार्थना करून थांबतो आणि एक शिष्य म्हणतो, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. हा शिष्य यहुदी, म्हणजे प्रार्थना लहानपणापासून कानावर पडलेला माणूस. तरी तो विचारतो, आणि येशू त्याच्या विश्वासावर बोट ठेवत नाही. मोजक्या ओळी शिकवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर याच प्रार्थनेच्या आधी तो बजावतो की पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जातं असं समजू नका.

तिला हे पटलं. मग मी तिला नेहमीचा क्रम लिहून दिला: देवाची स्तुती, पापांगीकार (पापांची कबुली), उपकारस्तुती (आभार), विनंती. पुढच्या भेटीत ती जास्तच खचलेली दिसली. ‘स्तुतीपाशीच अडकते,’ म्हणाली. माझं चुकलं होतं. तिच्या मनात काय साचलंय हे न विचारताच मी तिला साचा दिला होता.

त्या दिवशी मी आधी झोपेची आणि जेवणाची चौकशी केली. बायबलमधला संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर येतो. शोकात बुडालेल्या माणसाशी बोलताना हा क्रम मी सोडत नाही. झोप, भूक फार दिवस हरवलेली असली, मरणाचे विचार येत असले तर डॉक्टरांकडेही पाठवते. तिला झोप कमी होती, पण ती सावरलेली होती. तेव्हा मी विचारलं, ‘शेवटची मनापासून प्रार्थना कधी केली होतीत?’

ती रडू लागली. आई दोन वर्षं आजारी होती. रोज रात्री हिने आईच्या उशाशी गुडघे टेकले. आई गेली. सभेत कुणी तरी सांत्वन म्हणून म्हणालं की विश्वासाने मागितलं की मिळतंच. तेव्हापासून हिच्या मनात एकच हिशेब: माझी प्रार्थना कमी पडली, म्हणून आई गेली.

मी गेथशेमाने बागेतला, येशूच्या अटकेच्या रात्रीचा प्रसंग वाचायला घेतला. येशू तीनदा तेच शब्द बोलतो, हा दुःखाचा प्याला टळू दे, पण माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळत नाही. प्रेषित पौल आपल्या ‘देहातला काटा’, म्हणजे सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती करतो. काटा तसाच राहतो, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळतं. ‘यांची प्रार्थना कमी पडली म्हणाल?’ मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. मग हळूच म्हणाली, ‘पण ताई, मला देवाचा राग येतो. हे कसं बोलू?’

खरी गाठ इथे होती. मला वाटतं, आपल्या सभांमध्ये विलापाला, म्हणजे देवापुढे दुःख आणि तक्रार मांडण्याला, फार कमी जागा मिळते. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ती भरपूर आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा देवाला चारदा विचारतो, कुठवर? मूल नसलेली हन्ना मंदिरात इतकी व्याकूळ होऊन प्रार्थना करते की नुसते ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं ती प्यालेली आहे. ती सांगते, मी माझं मन परमेश्वरापुढे मोकळं करते आहे. एवढं ऐकल्यावर एली तिला शांतीने जा म्हणतो.

तेरावं स्तोत्र तिने वहीत उतरवलं आणि प्रत्येक ‘कुठवर’पुढे स्वतःचं वाक्य लिहिलं. ‘कुठवर मी फोन वाजला की दचकू?’ हे मला आजही आठवतं. शेवटी दावीद भरवशाकडे, गाण्याकडे वळतो, तिथे ती थांबली. ‘हे मी आत्ता म्हणू शकत नाही.’

‘नका म्हणू. चौथ्या वचनापाशी थांबा,’ मी म्हणाले आणि तिला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दाखवलं. ते वळतच नाही. शेवटच्या ओळीत अंधारच उरतो. तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात राहिलं आहे. तिने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने.

महिन्याभराने तिने सांगितलं की सभेत पाळी आल्यावर ती म्हणाली, ‘प्रभू, मला आईची फार आठवण येते.’ पुढे काही सुचलं नाही, ती गप्प बसली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग शेजारच्या बाईंनी ‘आमेन’ म्हटलं आणि स्वतःच्या मुलाबद्दल तशाच एका ओळीत सांगितलं.

वहीत पाचव्या आणि सहाव्या वचनाची जागा तिने अजून कोरी ठेवली आहे.