जखम भरली, पण वळण घेववत नाही

मोटरसायकलवरून पडून किरकोळ दुखापत झालेली माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "लागले तर फारसे नाही, मग भीती का जात नाही?" विचारताना आवाजात थोडी लाजही असते. मोठा अपघात झाला असता तर घाबरणे शोभले असते, एवढ्याशा पडण्याने इतके हादरणे म्हणजे आपल्यातच काही उणे आहे, असे त्यांना वाटत असते. या प्रश्नाचे उत्तर मी एका स्त्रीच्या अनुभवातून सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.

त्या चौतीस वर्षांच्या, बारा वर्षे मोटरसायकल चालवणाऱ्या. डावीकडे वळताना रस्त्यावर पसरलेल्या बारीक खडीवरून पुढचे चाक सटकले आणि त्या गाडीसकट डाव्या अंगावर पडल्या. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. हेल्मेट, रायडिंग जॅकेट आणि ग्लोव्ह्ज होते. खाली मात्र साधी जीन्स होती. गुडघा सोलवटला, कोपरावर काळेनिळे झाले, घोटा मुरगळला. उठून त्यांनी गाडी सरळ केली, मदतीला धावलेल्यांना "मला काही झाले नाही" असे सांगितले आणि गाडी चालवतच घरी गेल्या. गुडघ्याची खपली तीन आठवड्यांत पडली. सहाव्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा डावे वळण टाळण्यासाठी रोज लांबचा फेरा घालून कामावर जात होत्या, रात्री दचकून जाग्या होत होत्या आणि गाडी विकावी का, हे ठरवता येत नसल्याने स्वतःवरच चिडत होत्या.

भीतीकडे वळण्याआधी मी शरीराची चौकशी केली. झोपमोड, चिडचिड, लक्ष न लागणे ही भीतीची लक्षणे आहेत, तशीच ती डोक्याला बसलेल्या धक्क्याचीही असू शकतात. पडल्यानंतर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर समुपदेशकाची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. त्यांना यातले काही झाले नव्हते, पण बोलता बोलता त्या डावा अंगठा सारख्या चोळत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "अंगठ्याच्या मुळाशी थोडे दुखते, पण ते जाईल." पडताना हात टेकला की मनगटातले तिथले एक लहानसे हाड मोडू शकते आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही. मी त्यांना आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हाड शाबूत निघाले, फक्त स्नायुबंध ताणला गेला होता. मग आम्ही निर्धास्तपणे पुढे गेलो.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना अपघाताच्या दिवशीचे जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट घेऊन यायला सांगितले. त्यांनी ते सगळे एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकले होते आणि सहा आठवडे त्याकडे पाहिलेही नव्हते. पिशवी उघडताना त्यांचे हात थरथरत होते. डाव्या ग्लोव्हच्या तळव्यावर, मनगटालगत, कडक प्लास्टिकचा एक तुकडा असतो. त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी होती आणि सगळे ओरखडे एकाच दिशेने गेले होते. करंगळीच्या बाजूची शिवण बोटभर उसवली होती. मी विचारले, "आतला हात दाखवता?" तळव्यावर एकही वण नव्हता. तो तुकडा याचसाठी असतो: हात टेकल्यावर तळवा डांबराला चिकटून मनगट मुडपण्याऐवजी हात पुढे सरकावा. त्या बराच वेळ ग्लोव्ह हातात धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हात घसरला. मला वाटत होते की तो चिरडला गेला."

इथे मला पहिला धागा सापडला. त्यांच्या आठवणीतला अपघात घडलेल्या अपघातापेक्षा कितीतरी मोठा होता. आपण खूप लांब फरपटत गेलो आणि ते थांबतच नव्हते, असे त्या सांगत. आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्या वेगाने डांबरी रस्त्यावर पडलेला माणूस साधारण सात मीटर घसरतो आणि ते घसरणे दीड सेकंदाच्या आत-बाहेर संपते. भीतीच्या क्षणी मेंदू बारीकसारीक गोष्टी खोलवर साठवतो, म्हणून मागे वळून पाहताना तो क्षण लांबलेला वाटतो. जखम केवढी झाली यापेक्षा "आता आपल्या हातात काही नाही" हे किती तीव्रतेने जाणवले, यावर भीती ठरते. गुडघ्याची खपली पाहून ती मोजता येत नाही.

जॅकेटने मात्र वेगळाच प्रश्न उभा केला. कोपराजवळचे कापड झिजून त्याचा भुगा झाला होता, आतले आर्मर (धक्का झेलणारे पॅड) बाजूला फिरले होते आणि काळानिळा डाग नेमका आर्मरच्या कडेला पडला होता. "एवढे पैसे घालून घेतले, मग उपयोग काय?" हा त्यांचा राग होता आणि तो दडपावा असे मला वाटले नाही. बाही पाहिली तर कोपराखालचा पट्टा ढिला होता. घट्ट न बसणाऱ्या बाहीत चांगले आर्मरही धक्क्याच्या क्षणी जागा सोडते. शिवाय आर्मर कडेला सरकले तरी कापडाने कातडी वाचवली होती. साध्या जीन्सखालचा गुडघा सोलवटला आणि जॅकेटमधले कोपर फक्त ठेचले, ही एकाच अंगावरची तुलना त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण अपघातानंतर माणसे दोन टोकांना जातात. कुणाला वाटते की साधने आहेत, आता काही होणार नाही. कुणाला वाटते की साधने फाटली, म्हणजे ती फसवी होती. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयात दाखल होण्याचा धोका खास मोटरसायकलसाठीचे जॅकेट घातलेल्यांत २१ टक्क्यांनी, पँट घातलेल्यांत ५१ टक्क्यांनी आणि ग्लोव्ह्ज घातलेल्यांत ५९ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच अभ्यासात या वस्तूंपैकी प्रत्येक प्रकारातल्या चौथाईहून अधिक अपघातात फाटून किंवा उसवून निकामी झाल्याचेही दिसले आणि आर्मरमुळे हाडे मोडण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. ही साधने कातडी आणि मांस वाचवतात, धक्का सौम्य करतात. मोठ्या आघातापासून हाडाची हमी देत नाहीत. भीती पुसून टाकण्यासाठी खोटा दिलासा दिला तर तो पहिल्याच ओरखड्याला गळून पडतो, म्हणून मी त्यांना हे सगळे आकडे जसेच्या तसे सांगितले.

हेल्मेटच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा ओरखडा होता. वेग कमी होता म्हणून हेल्मेट वाचले, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात डोके जमिनीवर किती जोराने आपटते, हे अशा पडण्यात मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येते यावर ठरते. दीड मीटरवरून खाली येणारे डोके ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने जमिनीला लागते, मग गाडी हळू का असेना. तो धक्का हेल्मेटच्या आतला फोमचा थर दबून शोषून घेतो आणि एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. बाहेरून धड दिसणारे ते हेल्मेट बदलायला मी सांगितले आणि त्यांनी ते बदलले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. भीती टिकते कशी, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४७ मध्ये मांडले आणि ते आजही उपयोगी पडते: घाबरवणारी गोष्ट टाळली की लगेच सुटल्यासारखे वाटते आणि तो सुटकेचा आनंदच पुढच्या वेळी पुन्हा टाळायला शिकवतो. लांबचा फेरा त्यांना रोज हेच शिकवत होता. आम्ही शून्य ते शंभर अशी पट्टी केली आणि प्रत्येक कृतीची भीती आकड्यात लिहिली. बंद गाडीवर बसणे १५, मोकळ्या मैदानात सरळ जाणे ३०, तिथेच डावीकडे मोठा गोल घेणे ५५, लहान गोल ७०, जिथे पडल्या तोच चौक ९५. नियम एवढाच होता की आकडा चढलेला असताना थांबायचे नाही; तो उतरू लागेपर्यंत तीच कृती पुन्हा पुन्हा करायची.

मैदानात एक गोष्ट लक्षात आली. वळताना त्या चाकाच्या पुढची हातभर जमीन पाहत होत्या, खडी शोधत. नजर जिथे खिळते तिथे गाडी ओढली जाते, हे त्यांना बारा वर्षांपूर्वीच शिकवलेले होते. भीतीने ते मागे टाकले होते. वेग वळणाआधी कमी करायचा आणि नजर वळण जिथे संपते तिथे न्यायची, याचा सराव त्यांनी एका प्रशिक्षकाबरोबर केला. समुपदेशकाने गाडी चालवायला शिकवू नये, हे माझे ठाम मत आहे.

आणखी एक सवय हलकेच सोडवावी लागली. निघण्याआधी त्या हेल्मेटचा पट्टा पाच-सहा वेळा तपासत आणि मध्येच थांबून पुन्हा तपासत. पट्टा एकदा नीट लावणे ही काळजी आहे. सहाव्यांदा तपासणे ही भीतीची मागणी आहे. जॅकेट न घालता जायचे का, असे त्यांनी मला घाबरत विचारले होते. मुळीच नाही, सगळे अंगावर असू द्या, पण तपासणी एकदाच, असे आमचे ठरले.

एका भेटीला त्यांचे थोरले भाऊ आले. "गाडी विकून टाक म्हणतो, तर मीच वाईट ठरतो," ते म्हणाले. त्या म्हणाल्या, "दादा, विकायची असेल तर विकेन. पण घाबरून नाही विकणार." मी मध्ये पडले नाही. गाडी सोडण्याचा निर्णयही योग्य असू शकतो; तो भीती उतरल्यावर घेतला तर मागाहून सलत नाही, एवढेच मी दोघांना सांगितले.

अकराव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा अंगावर गुडघ्याला आर्मर असलेली पँट होती आणि बाहीचे पट्टे आवळलेले होते. भीतीचे आकडे लिहायच्या नोंदवहीतले पान उघडले तर मंगळवारची ओळ कोरी होती. विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मंगळवारी उशीर झाला होता, म्हणून जवळच्या रस्त्याने गेले, त्या म्हणाल्या. चौकात डावीकडे वळले, कडेला खडी अजून तशीच आहे, आणि आकडा लिहायचा राहून गेला.