यादीत अपग्रेड दिसतं, पण बसत नाही

प्रश्न : आमच्या उबंटू (लिनक्स) सर्व्हरवर वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) १४ पॅकेजेस अपग्रेडसाठी दाखवतं. टर्मिनलवर अपग्रेड दिलं तर एकही बसत नाही. खरं काय मानायचं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : टर्मिनलचं माना. वेबमिन स्वतःची यादी साठवून ठेवतं, ती शिळी होते. आधी ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ चालवा (अ‍ॅप्ट म्हणजे उबंटूत पॅकेजेस बसवणारी आज्ञा) आणि शेवटच्या ओळी नीट वाचा. एखाद्या भांडाराची (पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरची) यादी उतरली नसेल तर अ‍ॅप्ट इशारा देऊन जुन्याच यादीवर काम चालवतं. पावसाळ्यात आपल्याकडे नेट ये-जा करतं, तेव्हा हे तपासाच. मग वेबमिनमध्ये यादी रिफ्रेश करा.

तरी आकडा जुळला नाही तर ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ पाहा. कुणीतरी पॅकेज रोखून ठेवलेलं असू शकतं. तेही नसेल तर ‘अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी’ पुढे पॅकेजचं नाव द्या. आवृत्तीशेजारी ‘फेज्ड २०%’ असं दिसलं की उलगडा झाला: उबंटू ते अपग्रेड टप्प्याटप्प्याने सोडतंय, तुमच्या यंत्राची पाळी यायची आहे. उबंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून अ‍ॅप्ट ही पाळी पाळतं. अशी पॅकेजेस जबरदस्तीने बसवू नका; बिघाड आढळला तर वाटप थांबवता यावं म्हणूनच हे टप्पे आहेत. सुरक्षा-अपडेट्सना ही रांग नसते.