मॉडेलर घ्यावा की कॅप्चर वापरावेत?

अ‍ॅम्प इलेक्ट्रिक गिटारसाठी घेण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्या. हेलिक्स किंवा अ‍ॅक्स-एफएक्ससारखा मॉडेलर अ‍ॅम्पच्या सर्किटचे वर्तन गणिताने उभे करतो, त्यामुळे गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवला की बास कसा सैल होतो, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कमी केल्यावर डिस्टॉर्शनचा, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा, पोत कसा बदलतो, हे बऱ्याच अंशी खऱ्या अ‍ॅम्पप्रमाणेच घडते. कॅप्चर म्हणजे मात्र एका विशिष्ट अ‍ॅम्पचे, नॉब एका विशिष्ट जागी असताना टिपलेले ध्वनिचित्र. केम्पर या कंपनीने २०११ च्या सुमारास ही पद्धत रुळवली आणि आज न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम संगणकावर उत्तम करते. टिपलेल्या त्या एका जागी कॅप्चर इतका जिवंत वाटतो की मला स्वतःला रेकॉर्डिंगसाठी तोच अधिक भावतो. पण त्याचा गेन फिरवाल तर मूळ अ‍ॅम्पचा नॉब फिरल्याचा परिणाम सहसा मिळणार नाही.

शिकण्याच्या काळात म्हणूनच मॉडेलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नॉब फिरवूनच कान तयार होतो.

कॅप्चर वापरताना तो कॅबिनेटसह (स्पीकरच्या पेटीसह) घेतलेला आहे की केवळ हेडचा (स्पीकरविना भागाचा), हे आधी पाहा. कॅबिनेटसह घेतलेल्या कॅप्चरनंतर पुन्हा आयआर (कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नोंद) लावला, तर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा दबतो. मी याच चुकीपायी कित्येक संध्याकाळी ट्रेबल वाढवण्यात घालवल्या. इंटरफेसची (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाची) इनपुट पातळीही तपासा: ती जास्त असेल, तर स्वच्छ आवाजाच्या फेंडर कंपनीच्या अ‍ॅम्पचा कॅप्चरसुद्धा फाटू लागतो.