फ्लॅनन बेटावरचे तीन दीपगृह-रक्षक खरंच अर्धवट जेवण टाकून गायब झाले का?

नाही, स्कॉटलंडजवळच्या या दीपगृहात स्वयंपाकघर आवरलेलं होतं, भांडी घासून ठेवलेली होती. डिसेंबर १९०० मध्ये चौकशीला गेलेल्या दीपगृहांचे अधीक्षक म्युरहेड यांच्या अहवालात तसं स्पष्ट लिहिलंय. उष्ट्या ताटांची गोष्ट पसरली ती १९१२ सालच्या एका कवितेतून. रक्षक रोजच्या नोंदी करायचे त्या पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबरची. दोघा रक्षकांचे पावसाळी कोट जागेवर नव्हते, तिसऱ्याचा, मॅकआर्थरचा कोट मात्र खुंटीलाच होता. म्हणजे भर थंडीत तो साध्या कपड्यांत धावत बाहेर पडला असणार. पश्चिमेच्या धक्क्यावर समुद्रापासून ११० फूट उंचीवरची दोरांची पेटीही फुटली होती. म्हणून तिघांना लाटेनं ओढून नेलं असावं, हेच मला पटतं. पण मृतदेह कधीच सापडले नाहीत, त्यामुळे हा अंदाजच.