स्टॉप लॉस लावतो आणि मीच काढतो

"मॅडम, मार्केट मला कळतं. फक्त शिस्त लावा."

एवढं बोलून त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. बोलताना मात्र अंगठा त्याच्या कडेवरून फिरत राहिला. वय बेचाळीस, नोकरी बरी, निफ्टीचे (शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे) ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला खरेदी-विक्रीच्या हक्काचे करार, घ्यायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तक्रार समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच ट्रेडर करतात तीच: स्टॉप लॉस (भाव ठरल्या पातळीला आला की तोटा तिथेच थांबवून बाहेर काढणारी ऑर्डर) लावतो, भाव तिथे पोचायला आला की हात आपोआप जातो आणि काढून टाकतो. माझ्यात काही कमी आहे का?

त्यांचा मोठा फटका 4 जून 2024 चा, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 3 टक्क्यांहून जास्त चढलेला, म्हणून यांनी कॉल (बाजार चढला तर फायदा देणारे ऑप्शन) घेऊन ठेवलेले. निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडून बंद झाला. यांनी स्टॉप लॉस काढला, वर पडत्या भावात ॲव्हरेज केलं, म्हणजे तेच आणखी घेतले. 4 लाखांचे 2 लाख 40 हजार उरले.

कमी वगैरे काही नाही, हे मी आधी सांगितलं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवलंय की फायद्यात असलेला माणूस जपून वागतो आणि तोटा समोर दिसला की जुगार खेळायला तयार होतो. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, 2024 च्या अहवालाचाही मी उल्लेख केला: तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधले) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. पण या आकड्याचा उपयोग होत नाही. समोरचा प्रत्येक जण उरलेल्या 7 टक्क्यांतला असतो.

मग सहज विचारलं, "घरी किती सांगितलंय?"

अंगठा थांबला. "चाळीस हजार."

म्हणजे 1 लाख 20 हजार लपवलेले. त्यानंतरचा प्रत्येक ट्रेड चार्ट बघून नव्हे, ही रक्कम बायकोला कळायच्या आत भरून काढायला घेतलेला. अशा वेळी स्टॉप लॉस लागणं म्हणजे चोरी पकडली जाणं! हात जाणारच. कागदावर हिशेब मांडला: 40 टक्के गेल्यावर मूळ रकमेवर यायला सुमारे 67 टक्के कमवावे लागतात. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले.

पुढच्या भेटीला दोघं आले. त्यांनी खरा आकडा सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मग जूनमध्ये क्लासची फी कुठून भरलीस?" क्रेडिट कार्डावरून. तो तास बाजारावर गेलाच नाही.

कोणता ट्रेड घ्या हे मी सांगत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण आदल्या रात्री वहीत लिहायचं ठरलं: का घेतोय, कुठे बाहेर पडणार, किती जाऊ देणार. एका ट्रेडमागे भांडवलाच्या 1 टक्का, म्हणजे 2,400 रुपये. यात लॉट (ऑप्शन ज्या ठरलेल्या गठ्ठ्यात घ्यावे लागतात तो) बसत नसेल तर ट्रेड नाही. बाजार गॅपने, म्हणजे आदल्या बंद भावापासून एकदम उडी मारून, उघडला तर स्टॉप लॉसही ठरल्या भावाला मिळत नाही, म्हणून निकाल-बजेटच्या दिवशी हात आखडता. पहिल्या आठवड्यात एकही ट्रेड बसला नाही. फोनवर चिडले माझ्यावर.

चार महिन्यांनी वही घेऊन आले. एका पानावर लिहिलं होतं: "स्टॉप लॉस लागला. 2,150 गेले. घरी सांगितलं."

"पण मॅडम," पान उलटत म्हणाले, "अर्ध्या तासात भाव परत वर आला हो!"