ज्या फाइलला हात लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : काम महत्त्वाचे आहे हे पुरते ठाऊक असूनही तुम्ही ते शेवटच्या दिवसापर्यंत ढकलत राहता, याला आळस म्हणावे की आणखी काही, आणि ही सवय सुटते का. उदाहरण म्हणून तुम्ही आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा उल्लेख केला आहे आणि जाता जाता कंसात लिहिले आहे की, मार्गदर्शकांनी दुसरे प्रकरण दुरुस्त्यांसह परत दिल्यापासून चौदा महिन्यांत ती फाइल तुम्ही उघडलेलीच नाही. माझ्या मते निम्मे उत्तर त्या कंसातच आहे. त्याकडे मी शेवटी येते.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. नागपुरात धंतोलीला माझे कर सल्लागाराचे लहानसे कार्यालय आहे आणि माणसे कामे कशी पुढे ढकलतात हे गेली बावीस वर्षे मी फार जवळून पाहत आले आहे. ज्यांच्या हिशेबांना लेखापरीक्षण लागत नाही अशांसाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख वर्षानुवर्षे ३१ जुलै अशी राहिली. एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने कार्यालयात शांतता असते; जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र जिन्यापर्यंत माणसे उभी असतात, प्रत्येकाच्या हातात कागदांची पिशवी असते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "मॅडम, यंदा वाढते न तारीख?"

या माणसांना आळशी म्हणण्याची माझी तयारी नाही. काही वर्षांपूर्वी इतवारीतले एक धान्याचे ठोक व्यापारी माझ्याकडे नव्याने आले. हे गृहस्थ पहाटे पाचला कळमन्याच्या बाजारात हजर असतात, कोणाकडे किती उधारी आहे हे त्यांना वही न उघडता सांगता येते, आणि तरीही सलग दोन वर्षे त्यांनी विवरणपत्र मुदतीनंतर भरून दोन्ही वेळा पाच हजार रुपये विलंब शुल्क दिले होते. तिसऱ्या वर्षीही ते जुलैच्या तिसाव्या दिवशी उगवले. पिशवीतले कागद नीट लावलेले होते, म्हणजे तयारी नव्हती असेही नाही. मी त्यांना विचारले, "काकाजी, या सगळ्यातला कोणता कागद तुम्हाला बघवत नाही?" थोडा वेळ ते गप्प राहिले, मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा एक न उघडलेला ई-मेल दाखवला. प्राप्तिकर विभागाकडून काहीतरी आले आहे एवढेच मुलाने त्यांना सांगितले होते, आणि त्या दिवसापासून लाखभराची मागणी निघाली असणार असे त्यांनी मनाशी धरले होते. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन क्रमांक आणि त्यापुढे जन्मतारीख. मी तो टाकला आणि फाइल उघडली. विवरणपत्रातला हिशेब आणि विभागाचा हिशेब जुळला असून काही देणे नाही आणि घेणेही नाही, अशी ती नेहमीची सूचना होती.

त्यांनी दोन वर्षे विवरणपत्र टाळले असे वरकरणी दिसत होते. वास्तविक ते त्या ई-मेलची धास्ती टाळत होते आणि विवरणपत्र त्या धास्तीच्या वाटेवर उभे होते, म्हणून तेही टळत गेले.

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखलेला दिसतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘अलस’ हा शब्द येऊन गेल्यावर ‘विषादी’ आणि ‘दीर्घसूत्री’ असे दोन शब्द लागोपाठ येतात. दीर्घसूत्री म्हणजे काम लांबवत नेणारा, आणि तो आळशाहून वेगळा मोजला आहे. शिवाय त्याच्या शेजारी खिन्न माणूस बसवलेला आहे. ही शेजारी-शेजारी मांडणी हेतुपुरस्सर आहे की वृत्ताची सोय आहे हे मला सांगता येणार नाही, पण जुलै महिन्यात मला हा श्लोक हमखास आठवतो.

आधुनिक संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. फ्युशिया सिरॉइस आणि कॅनडातील कार्लटन विद्यापीठाचे टिमथी पिचिल यांनी २०१३ साली अशी मांडणी केली की, चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून मनःस्थिती सावरण्याचा प्रश्न आहे. काम समोर आले की कंटाळा, भीती, अपराधीपणा किंवा गोंधळ यांपैकी काहीतरी उमटते, काम बाजूला सारले की ते लगेच शमते, आणि हे शमणे हेच बक्षीस ठरून पुढच्या वेळी हात आपोआप मागे येतो. हे बक्षीस खोटे नसते, ही गोष्ट उपदेश करणारे विसरतात. टाइस आणि बाउमायस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांवर इतरांपेक्षा कमी ताण आढळला होता. सत्र संपत आल्यावर मात्र त्यांचा ताण आणि आजारपण इतरांच्या पुढे गेले, सगळा जमाखर्च मांडता तोटाच निघाला आणि गुणही कमी मिळाले. पिअर्स स्टील यांच्या २००७ सालच्या मोठ्या आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १५ ते २० टक्के लोकांना ही खोड कायमची जडलेली असते, आणि त्याच आढाव्यात असेही दिसते की परिपूर्णतेच्या हव्यासाचा चालढकलीशी फारसा संबंध नाही. "मला सगळे अचूक लागते म्हणून उशीर होतो" असे सांगणाऱ्यांनी (मीही त्यांत होते) याची नोंद घ्यावी.

आणि विद्वत्तेचा यात काही उपयोग होत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ भारतात वर्षभर राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिगलिट्झ कपड्यांचे एक खोके त्यांच्याकडे ठेवून गेले आणि ते अमेरिकेला पाठवायचे होते. पार्सल रवाना करण्यात सबंध दिवस जाईल या अंदाजाने अकरलॉफ आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी ‘उद्या नक्की’ असे ठरवत राहिले. पुढे १९९१ साली त्यांनी या अनुभवावरून चालढकलीविषयी एक निबंध लिहिला आणि २००१ साली या दोघांना मायकेल स्पेन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आजचा त्रास डोळ्यांसमोर ठसठशीत दिसतो आणि उद्याचा त्रास पुसट दिसतो, म्हणून प्रत्येक दिवशीचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचाच वाटतो, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा आहे.

मग शेवटच्या दिवशी काम होते कसे? त्या दिवशी दंडाची भीती कामाच्या भीतीपेक्षा मोठी होते, एवढेच. म्हणूनच मुदतवाढीने काही साधत नाही. २०२५ साली मे महिन्यातच ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर करण्यात आली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर झाली. माझ्या जिन्यात जी मंडळी जुलैअखेर उभी असायची तीच मंडळी त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर, त्याच पिशव्या घेऊन उभी होती.

खरा घात होतो तो ज्या कामांना तारीखच नसते त्यांचा. मृत्युपत्र, तब्येतीची तपासणी, तुटलेल्या माणसाला करायचा फोन, आणि माझ्या बाबतीत घराचा फेरफार. बाबा २०१६ साली गेले. आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, त्यांचे नाव होते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून, आम्हा तिघा भावंडांचे हक्कसोडपत्र नोंदवून, तिथे आईचे नाव लावायचे होते. हे कसे करायचे ते मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला समजावून सांगते. माझे स्वतःचे काम चार वर्षे पडून राहिले. लाल नाडीची ती खाकी फाइल बाबांच्या लोखंडी कपाटात होती, आणि दर रविवारी ती काढायची ठरवून मी दुसरे एखादे उपयोगी काम हाती घेत असे. त्या चार वर्षांत आमच्या कूलरच्या ताट्या दरवर्षी फेब्रुवारीतच बदलून झालेल्या असत, जे नागपुरात सहसा कोणाच्या घरी घडत नाही.

शेवटी दिवाळीला अमरावतीहून ताई आली आणि तिने काही न बोलता ती फाइल जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. आत घराच्या कराच्या पावत्या होत्या. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात बाबांनी निळ्या शाईने ‘भरला’ असे लिहून खाली तारीख टाकली होती, आणि सर्वांत वरच्या, मी भरलेल्या पावतीचा कोपरा कोरा होता. आम्ही दोघी अर्धा तास काही करू शकलो नाही. त्यानंतर कागदांची यादी करायला आणि अर्ज लिहायला लागलेला वेळ चाळीस मिनिटांहून जास्त नव्हता. मात्र मधल्या काळात धाकटा भाऊ कॅनडाला गेला होता. जे काम त्याच्या एका सहीने झाले असते त्यासाठी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवावे लागले आणि त्यात आणखी पाच महिने गेले.

यातून मी जे शिकले आणि अशिलांवर वापरून पाहिले ते सांगते. कामाची यादी करण्याआधी त्या कामातली नेमकी कोणती गोष्ट बघवत नाही ते शोधून काढावे आणि शक्य असेल तर कोणाला तरी ती मोठ्याने सांगावी. ‘प्रबंध’ किंवा ‘रिटर्न’ हे नाव इतके मोठे असते की त्यामागे ती एक गोष्ट सहज लपते. ती सापडली की पहिली पायरी हास्यास्पद वाटावी इतकी लहान करावी; त्या काकाजींसाठी ती पायरी एक ई-मेल उघडणे एवढीच होती आणि विवरणपत्राचा विषय मी त्या दिवशी मुद्दामच पुढे काढला नाही. (तो त्यांनीच काढला.)

दुसरे असे की ‘या आठवड्यात करतो’ हा संकल्प निरुपयोगी आहे. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा बांधणीच्या संकल्पांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अशा संकल्पांचा परिणाम चांगलाच जाणवण्याजोगा निघाला. म्हणजे ‘शनिवारी सकाळी पोहे खाऊन झाले की बशी उचलण्याआधी टेबलावर फाइल उघडीन’ असे ठरवावे. वेळ निवडताना आपल्या गावाचे हवामानही विचारात घ्यावे. मे महिन्यात दुपारी तीनची वेळ ठरवणारा नागपूरकर स्वतःला फसवत असतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट अनेकांना पटत नाही. आजवरच्या उशिराबद्दल स्वतःला झोडपणे थांबवावे. कार्लटन विद्यापीठातच पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. कारण सरळ आहे : अपराधीपणा हीदेखील एक नकोशी भावना आहे, ती त्या फाइलला चिकटली की फाइल आणखी जड होते. चौदा महिन्यांची लाज पहिल्या महिन्यातल्या शेऱ्यांपेक्षा नक्कीच मोठी झाली असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. केवळ हेच काम नव्हे तर आंघोळ, जेवण, फोन उचलणे असे सगळेच टळत असेल, झोप बिघडली असेल किंवा लहानपणापासून कशातच लक्ष टिकत नसेल, तर हा माझ्यासारखीचा विषय नाही. डॉक्टरांना भेटावे, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

आता तुमचा कंस. तुम्ही प्रबंध लिहिणे टाळत आहात असे मला वाटत नाही. मार्गदर्शकांचे शेरे वाचणे टाळत आहात. तेव्हा येत्या शनिवारी दुसरे प्रकरण दुरुस्त करायचे नाही, असे आधी ठरवा. त्याची छापील प्रत काढा, शक्य असल्यास एखाद्या मित्राला शेजारी बसवा, आणि शेरे फक्त एका कोऱ्या कागदावर तीन रकान्यांत उतरवा : भाषेच्या चुका, संदर्भांच्या चुका आणि खरोखरचे आक्षेप. लेखापरीक्षकांनी शेरे मारलेले हिशेब मी रोज हाताळते आणि तिसरा रकाना बहुतेक वेळा भीती वाटते त्यापेक्षा खूपच लहान निघतो. कागद भरला की प्रत मिटून ठेवा. पुढच्या शनिवारी तिसऱ्या रकान्यातल्या सर्वांत सोप्या आक्षेपाला एका परिच्छेदाचे उत्तर लिहा, उशिराची लांबलचक कारणे न देता तो परिच्छेद मार्गदर्शकांना पाठवा, आणि त्याच पत्रात त्यांच्याकडे भेटीची एक तारीख मागा.